शंभूचे दहा हात आणि एक किल्ली

‘लीलावती’ संपत आली असताना, अंकपाशाच्या प्रकरणात, भास्कराचार्य एक प्रश्न विचारतात. शंभूला दहा हात आहेत आणि त्या हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, त्रिशूल, खट्वांग, शक्ती, बाण, धनुष्य अशा दहा वस्तू आहेत. वस्तू त्याच, हातही तेच. कोणत्या हातात काय धरले एवढेच बदलत गेले, तर शंभूची रूपे किती? उत्तर येते ३६,२८,८००. पाठोपाठ दुसरा प्रश्न: विष्णूच्या चार हातांत गदा, चक्र, कमळ आणि शंख अशाच आलटूनपालटून दिल्या तर? फक्त २४.

हात चाराचे दहा झाले, म्हणजे अडीचपट. रूपे मात्र दीड लाख पटींहून जास्त वाढली. मला या दोन आकड्यांच्या जोडीचे नवल आजही तेवढेच वाटते, कारण आज तुमच्या-माझ्या बँकेतले पैसे, जमिनीचे कागद आणि मुलांचे प्रवेश अर्ज ज्या गणिताने राखले जातात, त्याचा गाभा या दोन प्रश्नांत आहे. थोडीशी लांबी वाढवा, शक्यता आवाक्याबाहेर जातात.

‘लीलावती’ इ.स. ११५०च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा भाग. भास्कराचार्य आपले गाव सह्याद्रीजवळचे विज्जडविड असल्याचे सांगतात. हे गाव म्हणजे चाळीसगावजवळचे पाटण असे बरेच जण मानतात, कारण तिथे त्यांच्या घराण्याचा शिलालेख मिळाला. काही अभ्यासकांनी मात्र विज्जडविड म्हणजे आपले बीड, असे मत मांडले आहे. तो वाद अभ्यासक लढवोत. बीड जिल्ह्यात बसून पासवर्डविषयी लिहायचे, तर सुरुवात भास्कराचार्यांपासून करण्याचा मोह मला आवरत नाही.

आता हिशेब आपल्या फोनवर आणू. पासवर्डमध्ये एकच अक्षर पुन्हा येऊ शकते, म्हणून प्रत्येक जागेसाठी सरळ गुणाकार करायचा. एटीएमचा पिन चार आकडी, त्याच्या शक्यता १०,०००. एवढ्यावर भागते, कारण काही चुकांनंतर बँक कार्ड अडवते. पण एखाद्या संकेतस्थळावरचा पासवर्डांचा साठाच चोरीला गेला आणि चोर तो आपल्या यंत्रावर नेऊन बसला, तर त्याला अडवायला कोणी नसते. तो सेकंदाला हजार कोटी प्रयत्न करतो असे धरू. साध्या पद्धतीने जपलेल्या पासवर्डवर आजची यंत्रे एवढा वेग सहज गाठतात. इंग्रजी लहान लिपीतल्या आठ अक्षरांच्या शक्यता होतात सुमारे २०,८८२ कोटी. आकडा केवढा तरी वाटतो, पण त्या यंत्राला लागतात एकवीस सेकंद.

आता तीच सव्वीस अक्षरे, पण जागा वीस. त्याच यंत्राला सगळ्या शक्यता तपासायला लागतील सुमारे ६,३०० कोटी वर्षे. विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षे आहे. मोठी लिपी नाही, आकडा नाही, ॲट किंवा हॅशचे चिन्ह नाही. बारा अक्षरे वाढली, बस्स.

मात्र यात एक अट दडलेली आहे. ती वीस अक्षरे फासा पडावा तशी, कुणाच्याही मनात न येता उमटलेली हवीत. माणसाला हे जमत नाही. माणूस मुलाचे नाव घेतो, कुलदैवत घेतो, जन्मसाल जोडतो आणि शेवटी १२३. सेवा केंद्रावर अर्ज भरताना गर्दीत घाईघाईने खाते उघडून दिले जाते, तेव्हा पासवर्ड बहुधा याच साच्यातला असतो, आणि तोच पुढे सगळीकडे चालतो. चोराला हा साचा पाठ असतो. त्याचे यंत्र ‘एएए’पासून सुरुवात करत नाही, ते देवांच्या नावांपासून, क्रिकेटपटूंपासून, १२३४५६ पासून सुरुवात करते.

दुसरा धोका याहून मोठा. एका शेतकरी घराची खाती मोजायला घ्या: महाडीबीटी, पीक विमा, पीएम किसान, डिजिलॉकर, ई-श्रम, भविष्य निर्वाह निधी, रेल्वे तिकीट, मुलीचा नीटचा अर्ज, शिष्यवृत्ती, जीमेल, बँक, वर दोन-तीन खरेदीची ॲप. काही ठिकाणी ओटीपीवर भागते, पण बाकीचे पासवर्ड डोक्यात राहणे शक्य नाही, म्हणून सगळीकडे एकच ठेवला जातो. मग कुठल्याशा किरकोळ संकेतस्थळावरून तो फुटतो आणि चोर तीच जोडी, तुमचा ईमेल आणि तो पासवर्ड, बँकेपासून जीमेलपर्यंत प्रत्येक दारावर लावून पाहतो. हे कामही यंत्रच करते.

यावरचा उपाय म्हणजे पासवर्ड मॅनेजर. प्रत्येक खात्यासाठी वेगळा, लांब, अर्थहीन पासवर्ड तो स्वतः तयार करतो, जपतो आणि वेळ आली की भरतो. तुम्ही लक्षात ठेवायचा तो एकच, मुख्य पासवर्ड. इथे प्रत्येक शहाण्या माणसाला शंका येते, आणि ती यायलाच हवी: सगळ्या किल्ल्या एकाच ठिकाणी, त्याही दूरच्या कुठल्या कंपनीकडे? हे तर जास्त धोक्याचे झाले!

या शंकेचे उत्तर समजून घ्यायला गेवराई तालुक्यात जाऊ. तिथे गोदावरीच्या काठी पांचाळेश्वर आहे, महानुभाव पंथाचे आत्मतीर्थ. दत्तात्रेय प्रभूंचे स्थान म्हणून पंथीय तिथे दूरदूरहून येतात. मराठी गद्याचा पहिला मोठा ठेवा, म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’, याच पंथाने दिला. या पंथाने चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला घेतले. सकळ लिपी, सुंदरी लिपी, अंक लिपी, वज्र लिपी अशा कितीतरी. रीत अशी, की एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा ठरवलेले चिन्ह लिहायचे. पोथी समोर उघडी पडलेली असली, तरी रीत माहीत नसणाऱ्याला एक ओळ लागत नसे. शतकानुशतके मराठीतले हे भांडार मराठी माणसाच्याच डोळ्यांआड राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि मराठी साहित्याच्या इतिहासाची सुरुवातीची पाने नव्याने लिहावी लागली.

वाचकांचे भाग्य उजळले. पण गुपिताच्या बाजूने बघा: एका पोथीचा उलगडा झाला आणि त्या लिपीतली प्रत्येक पोथी उघडी पडली. पद्धत हेच गुपित होते. ती पद्धत ज्याला ठाऊक, त्याला सगळे ठाऊक.

राजवाड्यांच्या आधी काही दशके, १८८३ मध्ये, पॅरिसमध्ये ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषांच्या प्राध्यापकाने लष्करी गुप्तलेखनावर लिहिताना एक विलक्षण मागणी केली. तुमची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. लपवायची ती फक्त किल्ली. आजची सगळी गुप्तता याच मागणीवर उभी आहे. १९९७ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने जगभरातून पद्धती मागवल्या. आलेल्यांपैकी पंधरा स्वीकारल्या गेल्या. साऱ्या जगाच्या तज्ज्ञांना सांगितले, या फोडून दाखवा. त्यातून बेल्जियमच्या योआन डामेन आणि व्हिन्सेंट रायमेन यांची पद्धत निवडली गेली आणि २००१ मध्ये एईएस या नावाने मानक ठरली. तिची एकेक पायरी छापलेली आहे, कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवली जाते, आणि तरीही नीट वापरलेली एईएस किल्लीवाचून उघडत नाही. मोठ्या प्रकारातल्या किल्लीच्या शक्यता लिहायच्या तर अठ्ठ्याहत्तर आकडी संख्या लिहावी लागते. शंभूच्या रूपांची संख्या सात आकडी होती.

चांगला पासवर्ड मॅनेजर ही पद्धत तुमच्या फोनमध्येच वापरतो. मुख्य पासवर्ड तुम्ही टाकता, फोन त्यापासून किल्ली घडवतो, पासवर्डांची तिजोरी फोनवरच बंद होते आणि कंपनीकडे जाते ती बंद तिजोरी. किल्ली जात नाही. कंपनीचा मालक, तिचा नोकर, तिच्याकडे नोटीस घेऊन आलेला अधिकारी किंवा तिचे यंत्र फोडणारा चोर, चौघांच्याही हाती पडतो तो एकच निरर्थक अक्षरांचा ढिगारा. सांभाळणाऱ्याला आपण काय सांभाळतो आहोत हे कळू नये आणि तरी त्याने ते चोख सांभाळावे, हे गणिताने शक्य करून ठेवले आहे. माझ्या मते आपल्या काळातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी ही एक आहे, आणि ती फुकट मिळणाऱ्या ॲपमध्ये आहे.

आणखी एक करामत किल्ली घडवण्यातच आहे. मुख्य पासवर्डची किल्ली एका फटक्यात बनवत नाहीत. मुद्दाम लाखो फेऱ्या फिरवून बनवतात. सध्या एका प्रचलित पद्धतीसाठी तज्ज्ञ ६ लाख फेऱ्या सुचवतात. तुम्हाला त्यात एखादा सेकंद जातो, तो जाणवतही नाही. चोराला मात्र प्रत्येक चुकीच्या अंदाजासाठी तेवढ्याच फेऱ्या फिरवाव्या लागतात. हजार कोटींचा वेग सोळा-सतरा हजारांवर येतो. कष्टाची ही वाटणी किती न्याय्य आहे बघा: खऱ्या मालकाला एकदा, चोराला दर वेळी.

ही परीक्षा खरोखर झाली आहे. २०२२ मध्ये लास्टपास या नावाजलेल्या कंपनीकडून ग्राहकांच्या बंद तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरांनी नेल्या. ज्यांचा मुख्य पासवर्ड भक्कम होता त्यांचे पासवर्ड त्या प्रतीत बंदच राहण्याची आशा होती. ज्यांचा कच्चा होता किंवा ज्यांच्या जुन्या खात्यात फेऱ्यांची संख्या फारच कमी राहून गेली होती, ते खरे धोक्यात आले. शिवाय कोणत्या संकेतस्थळावर तुमचे खाते आहे हे पत्ते त्या तिजोरीत उघडेच ठेवलेले होते. म्हणून मॅनेजर निवडताना मी जाहिरातीतले तारे बघत नाही. तिजोरीतले सगळे झाकले जाते का, पत्त्यांसकट. पद्धत उघड आहे का. आणि बाहेरच्या तज्ज्ञांनी ती तपासली आहे का, हे विचारतो.

या कसोटीवर घरगुती वापरासाठी माझी पहिली पसंती बिटवॉर्डन. २०१६ पासून आहे, त्याचा मूळ प्रोग्रॅम कोणालाही वाचता येतो, फुकट खात्यात पासवर्डच्या संख्येवर बंधन नाही आणि फोन-संगणक दोन्हीकडे चालते. तिजोरीची प्रत फोनवर राहते, त्यामुळे रेंज नसली तरी पासवर्ड बघता येतो. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांना याचे महत्त्व सांगायला नको.

ज्यांना कोणत्याच कंपनीकडे काही ठेवायचे नाही, त्यांच्यासाठी कीपास. डॉमिनिक रायश्ल या जर्मन प्रोग्रॅमरने २००३ मध्ये सुरू केलेले. यात खाते नाही, सर्व्हर नाही. सगळी तिजोरी म्हणजे एक फाइल. अँड्रॉइडवर ती उघडायला कीपासडीएक्स आहे. पण फाइलच्या प्रती ठेवणे सर्वस्वी तुमच्याकडे. फोन विहिरीत पडला आणि दुसरी प्रत नसेल, तर सगळे गेले. पैसे मोजायची तयारी असेल तर वनपासवर्ड आहे. तो तुमच्या मुख्य पासवर्डला यंत्राने घडवलेली आणखी एक लांब गुप्त किल्ली जोडतो, त्यामुळे चोरीला गेलेल्या तिजोरीवर अंदाज बांधत बसण्यात चोराला अर्थ उरत नाही. आणि यातले काहीच जमणार नसेल, तर अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासून असलेला गुगलचा मॅनेजर वापरा. एकच पासवर्ड सगळीकडे ठेवण्यापेक्षा तो कितीतरी बरा. त्याची किल्ली म्हणजे तुमचे गुगल खाते, तेव्हा त्या खात्याला दुहेरी पडताळणी लावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मॅनेजरचा एक गुण फारसा कोणी सांगत नाही, आणि आपल्याकडे तोच सर्वांत उपयोगी आहे. पासवर्ड भरण्याआधी तो संकेतस्थळाचा पत्ता अक्षर न् अक्षर जुळवतो. अनुदानाच्या नावाने व्हॉट्सॲपवर लिंक येते, पान हुबेहूब सरकारी दिसते, राजमुद्राही असते. माणसाचा डोळा फसतो. मॅनेजर चित्राकडे बघतच नाही. पत्ता वेगळा दिसला की तो पासवर्ड पुढे करत नाही. रोज आपोआप भरणारा पासवर्ड आज का आला नाही, असा प्रश्न पडला की तिथेच थांबायचे, हाताने भरायला जायचे नाही. लिंकऐवजी एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाइल आली असेल, तर मात्र मॅनेजरही वाचवणार नाही. ती उघडूच नका. आणि पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन.

आता राहिला तो मुख्य पासवर्ड, आणि इथे पुन्हा भास्कराचार्यांचे शक्यता मोजण्याचे गणित मदतीला येते. १९९५ मध्ये अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी एक पद्धत सुचवली. साधा, सहा बाजूंचा फासा पाच वेळा टाकल्यावर ७,७७६ शक्यता होतात. म्हणून ७,७७६ शब्दांची यादी करायची आणि पाच फेकींना एक शब्द उचलायचा. असे सहा शब्द घेतले की फासा एकूण तीस वेळा पडला. वर सांगितलेल्या सहा लाख फेऱ्या धरल्या, तर एका यंत्राला सगळ्या शक्यता संपवायला सुमारे ४२,००० कोटी वर्षे लागतील. चार शब्दांना सात हजार वर्षे लागतात. तीही पुष्कळ वाटतील, पण चोराने हजार यंत्रे लावली की उरतात सात.

गंमत अशी, की हे बळ फाशाच्या फेकींत आहे. मराठी शब्दांची २१६ची छोटी यादी घरीच करता येते: ढेकूळ, कासरा, पाभर, उंबर, घोंगडी, बाभूळ असे रोजचे शब्द. मग तीन फेकींना एक शब्द येतो, आणि दहा शब्द घेतले की फेकी पुन्हा तीसच, म्हणजे बळ अगदी तेवढेच. चोराला तुमची यादी मिळाली तरी हा हिशेब बदलत नाही. केर्कहॉफ्स यांनी मागितले होते ते हेच. शब्द रोमन लिपीत लिहायचे असतील तर प्रत्येकाचे एकच स्पेलिंग ठरवून घ्या. ढेकूळला एक ‘यू’ की दोन ‘ओ’ हे ऐन वेळी आठवले नाही तर तिजोरी उघडणार नाही. आवडत्या अभंगाचा किंवा आरतीचा चरण मात्र घेऊ नका. जे छापले गेले आहे ते चोराच्या यादीतही असू शकते. फासे नसतील तर मॅनेजरलाच शब्दांचा पासवर्ड घडवायला सांगा, बहुतेकांत ती सोय असते.

ही किल्ली कागदावर लिहून ठेवावी का? ठेवावी. कंपनीला तुमची किल्ली माहीत नाही, याचा दुसरा अर्थ ती हरवली तर कंपनीही काही करू शकत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला या जिल्ह्यातली लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, चार-सहा महिने कोपीत राहतात. फोन फडात हरवतो, पाण्यात पडतो, सिम बंद पडते. अशा वेळी मागे गावात, सातबारा आणि पासबुक जिथे असते त्याच पेटीत, मुख्य पासवर्ड आणि दुहेरी पडताळणीचे राखीव कोड लिहिलेला कागद हवा. घरात विश्वासाच्या एका माणसाला तो कुठे आहे हे माहीत असावे. कर्ता माणूस अचानक गेला, तर विम्याच्या आणि बँकेच्या कागदांपर्यंत मागच्यांना पोहोचता येईल ते त्या कागदामुळेच.

घरात फोन एकच असेल आणि तो सगळ्यांच्या हातात फिरत असेल, तर तिजोरीचे आपोआप बंद होणे एका मिनिटावर ठेवा. फोन चालवणे ज्यांना मुळातच अवघड जाते, त्यांच्यासाठी घरातली वहीही वाईट नाही. दूरदेशीच्या चोराला पेटीतली वही दिसत नाही. अट एवढीच, की ती वही घरचीच असावी, दुकानावर किंवा केंद्रावर पडून राहणारी नसावी, आणि प्रत्येक पासवर्ड वेगळा असावा.

सुरुवात एकदम सगळ्या खात्यांपासून करू नका, कंटाळा येईल. आधी ईमेल बदला, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचा ‘पासवर्ड विसरलात?’ तिथेच येऊन उघडतो. मग बँक. उरलेली खाती जशी समोर येतील तशी, पीक विम्याच्या वेळी विम्याचे, शिष्यवृत्तीच्या वेळी शिष्यवृत्तीचे. वर्षाचा हंगाम एकदा फिरला की जवळपास सगळी तिजोरीत आलेली असतील.